पॉप्युलेशनच्या शेजारी कोण बसतं? लोकसंख्येवर इंग्रजीत लिहिण्या-बोलण्याची पायरीपायरीने तयारी

मराठीत लोकवस्ती दाट असते आणि पिठलं घट्ट. कुणी ‘घट्ट लोकवस्ती’ म्हणालं तर अर्थ पोचतो, पण बोलणाऱ्याची भाषा ही नाही हेही त्याच क्षणी कळतं. इंग्रजीचं तसंच आहे. मराठी माध्यमातून आलेल्या माणसाला ‘पॉप्युलेशन’ येतो, ‘इन्क्रीज’ येतो, ‘क्राउड’ येतो. गाडी अडते ती कुठल्या शब्दाशेजारी कुठला शब्द बसतो, इथे. या ठरलेल्या जोड्यांना इंग्रजीत ‘कलोकेशन’ म्हणतात. त्या व्याकरणाच्या नियमातून निघत नाहीत, वापरातून पक्क्या होतात. म्हणून त्या जोडीनेच पाठ कराव्या लागतात.

आयईएल्टीएस ही परदेशी शिक्षणासाठी लागणारी इंग्रजीची परीक्षा देणारे, स्पर्धा परीक्षेत इंग्रजी निबंध लिहिणारे, सामाजिक संस्थेत अहवाल करणारे आणि इंग्रजी दैनिकात नव्याने लागलेले, अशांसाठी हे लिहिलं आहे. उदाहरणं मुद्दाम मुंबईची घेतली आहेत, कारण ओळखीच्या आकड्याला बांधलेला शब्द निसटत नाही.

सुरू करण्याआधी जवळ ठेवा

- शंभर पानी वही. डाव्या पानावर जोडी, उजव्या पानावर त्या जोडीचं खरा आकडा घातलेलं एक वाक्य. नुसता मराठी अर्थ लिहून ठेवलात तर महिन्याने काही उपयोग होत नाही.
- शिकणाऱ्यांसाठीचा इंग्रजी-इंग्रजी शब्दकोश, आणि जमल्यास कलोकेशनचा वेगळा शब्दकोश. इंग्रजी-मराठी कोश अर्थ सांगतो, शेजारी सांगत नाही.
- कॅल्क्युलेटर. हसू नका, पायरी ३ आणि ५ त्याच्यावर आहेत.
- खालचे जनगणनेचे आकडे:
  - बृहन्मुंबई: २००१ मध्ये १,१९,७८,४५०, २०११ मध्ये १,२४,४२,३७३
  - मुंबई शहर जिल्हा: ३३,३८,०३१ वरून ३०,८५,४११
  - मुंबई उपनगर जिल्हा: ८६,४०,४१९ वरून ९३,५६,९६२
  - ठाणे जिल्हा, पालघर वेगळा होण्याआधीचा: २०११ मध्ये १,१०,६०,१४८
  - रत्नागिरी जिल्हा: १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९

२०२१ची जनगणना कोविडमुळे लांबली, त्यामुळे जिल्हावार हिशेबाला आधार २०११चाच. वाक्यात साल घालायला विसरू नका. ‘मुंबईची लोकसंख्या इतकी आहे’ असं बिनसालाचं वाक्य कुठल्याच भाषेत टिकत नाही.

इथले इंग्रजी शब्द देवनागरीत आहेत. वहीत उतरवताना स्पेलिंग कोशात बघून रोमन लिपीत लिहा.

पायरी १: लोकसंख्या, लोकवस्ती, लोक आणि गर्दी यांची फारकत करा

मराठीत हे चार शब्द आपण बरोबर वापरतो आणि इंग्रजीत गेल्यावर चौघांनाही ‘पॉप्युलेशन’ची एकच टोपी घालतो. निम्म्या चुका इथून निघतात.

लोकसंख्या म्हणजे आकडा: ‘पॉप्युलेशन’. लोकवस्ती हे जागेचं वर्णन, तिथे ‘पॉप्युलेटेड’ हे विशेषण लागतं. लोक म्हणजे ‘पीपल’ किंवा ‘रेसिडेंट्स’. गर्दी म्हणजे ‘क्राउड’, आणि गर्दीची जागा ‘क्राउडेड’.

दादरचा पूल संध्याकाळी सात वाजता ‘क्राउडेड’ असतो, ‘पॉप्युलेटेड’ नसतो, कारण तिथे कुणी राहत नाही. विरार लोकल ‘पॅक्ड’ असते. धारावी ‘डेन्सली पॉप्युलेटेड’ असते, आणि तिथली दहा बाय दहाची खोली, जीत सात माणसं झोपतात, ती ‘ओव्हरक्राउडेड’.

‘ट्रेनमध्ये रश आहे’ हे मुंबईचं इंग्रजी. इथे सगळ्यांना कळतं, पण बाहेरचा परीक्षक ‘रश’ म्हणजे धावपळ किंवा घाई समजतो. ‘रश अवर’ मात्र बिनधास्त वापरा, ती जोडी पक्की आहे. तसंच ‘टाउन’. आपल्याकडे टाउनला जाणं म्हणजे चर्चगेट-फोर्टला जाणं. इंग्रजी अहवालात ‘टाउन पॉप्युलेशन’ लिहिलंत तर वाचणाऱ्याच्या डोळ्यासमोर चिपळूणएवढं गाव येईल. दक्षिणेकडच्या जुन्या मुंबईला इंग्रजीत ‘आयलंड सिटी’ म्हणतात, तोच शब्द घ्या.

पायरी २: आकडा सांगण्याचे साचे

तीन साचे पुरतात:

- ‘ग्रेटर मुंबई हॅड अ पॉप्युलेशन ऑफ १२.४ मिलियन इन २०११.’
- ‘विथ अ पॉप्युलेशन ऑफ १२.४ मिलियन, ग्रेटर मुंबई...’ आणि पुढे मुख्य वाक्य.
- ‘ग्रेटर मुंबई इज होम टू ओव्हर १२ मिलियन पीपल.’ इथे ‘पॉप्युलेशन’ येत नाही, ‘पीपल’ येतो.

पहिल्या दोन साच्यांत ‘अ’ आणि ‘ऑफ’ हे दोन्ही तुकडे हवेतच. मराठीत ‘अ’ला प्रतिशब्दच नाही, म्हणून हात तो सोडून पुढे जातो. वहीत लिहिताना पूर्ण ‘अ पॉप्युलेशन ऑफ’ एकाच चौकटीत टाका.

प्रश्न विचारताना ‘हाउ मच पॉप्युलेशन’ही नाही आणि ‘हाउ मेनी पॉप्युलेशन’ही नाही. ‘व्हॉट इज द पॉप्युलेशन ऑफ ठाणे?’ असं सरळ विचारा. संख्या विचारायची तर ‘हाउ मेनी पीपल लिव्ह इन ठाणे?’

विशेषणाचं एक कामचलाऊ सूत्र आहे: पॉप्युलेशन ‘लार्ज’ किंवा ‘स्मॉल’ असते, दर, घनता आणि गुणोत्तर ‘हाय’ किंवा ‘लो’ असतात. म्हणजे ‘लार्ज पॉप्युलेशन’, पण ‘हाय पॉप्युलेशन डेन्सिटी’. ‘हाय पॉप्युलेशन’ कुठे कुठे छापलेलं दिसतं, तरी नवख्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. ‘मोअर पॉप्युलेशन’ तर नकोच. ‘उपनगरात लोकसंख्या जास्त आहे’ हे ‘द सबर्ब्ज हॅव अ लार्जर पॉप्युलेशन’ असं होतं.

‘पॉप्युलेशन’ एकवचनी: ‘द पॉप्युलेशन इज ग्रोइंग’. ‘पॉप्युलेशन्स’ लिहायचं ते वेगवेगळ्या समूहांची तुलना असेल तेव्हाच, जसं मुंबई आणि पुणे या दोन शहरांच्या लोकसंख्या.

पायरी ३: कोटी-लाख उतरवून ठेवा

दहा लाख म्हणजे एक मिलियन, एक कोटी म्हणजे दहा मिलियन, शंभर कोटी म्हणजे एक बिलियन. एवढं सगळ्यांना पाठ असतं, तरी परीक्षेत १.२४ कोटीचे ‘१.२४ मिलियन’ होतात आणि मुंबई सोलापूरपेक्षा थोडीच मोठी होऊन बसते. उपाय एकच: कोटीचा आकडा मिलियनमध्ये नेताना दशांशचिन्ह एक घर उजवीकडे. १.२४ कोटी, १२.४ मिलियन. मुंबई महानगर क्षेत्र, म्हणजे जनगणनेच्या भाषेत ‘अर्बन ॲग्लोमरेशन’, २०११ मध्ये १.८४ कोटींचं होतं, ते १८.४ मिलियन.

इथेच दुसरा खड्डा आहे. १.२४ कोटी ही महापालिका हद्द आणि १.८४ कोटी हा लागून पसरलेला सगळा शहरी पट्टा. एका परिच्छेदात पहिला आकडा आणि पुढच्यात दुसरा घेतलात की वाचणाऱ्याला वाटतं मधल्या ओळीत साठ लाख माणसं आली. पहिल्याच वाक्यात ‘ग्रेटर मुंबई’ की ‘द मुंबई अर्बन ॲग्लोमरेशन’ ते ठरवा आणि तेच धरून चला.

स्वल्पविरामही हलतो. आपला १,२४,४२,३७३ इंग्रजी वाचकासाठी तीन-तीनच्या गटाने १२,४४२,३७३ होतो. आकड्यानंतर ‘मिलियन’ला ‘एस’ लागत नाही: ‘१२ मिलियन पीपल’. आकडा नसेल तेव्हा लागतो, आणि मागून ‘ऑफ’ येतो: ‘मिलियन्स ऑफ पीपल’. जगाची लोकसंख्या १५ नोव्हेंबर २०२२ रोजी आठशे कोटींवर गेल्याचं संयुक्त राष्ट्रांनी जाहीर केलं, त्याचं वाक्य ‘द वर्ल्ड्ज पॉप्युलेशन रीच्ड ८ बिलियन’. ‘रीच’नंतर ‘टू’ नाही.

पायरी ४: दाट, विरळ आणि नुसतं मोठं

‘डेन्सली पॉप्युलेटेड’ ही या विषयातली सर्वांत कामाची जोडी आणि सर्वांत जास्त मोडली जाणारीही. ‘डेन्स पॉप्युलेटेड’ चालत नाही, कारण ‘पॉप्युलेटेड’ हे विशेषण आणि त्याच्या आधी क्रियाविशेषणच हवं. दोन शब्दांमध्ये जोडरेघही नको. ‘एलवाय’ने संपणाऱ्या क्रियाविशेषणानंतर ती देत नाहीत. शाळेच्या जुन्या गाइडांमधला ‘थिकली पॉप्युलेटेड’ चूक नाही, पण आता त्याला डांबराच्या गोळ्यांचा वास येतो. उलट बाजूला ‘स्पार्सली पॉप्युलेटेड’ किंवा ‘थिनली पॉप्युलेटेड’. आरेच्या जंगलातले पाडे विखुरलेले आहेत असं सांगायचं तर पाड्यांना ‘स्कॅटर्ड’ लावा, लोकसंख्येला नको.

नाम हवं असेल तर ‘पॉप्युलेशन डेन्सिटी’: ‘मुंबई सबर्बन हॅड अ पॉप्युलेशन डेन्सिटी ऑफ २०,९८० पीपल पर स्क्वेअर किलोमीटर इन २०११.’ ‘पर’च्या आधी ‘इन’ घालू नका.

आता खरा गोंधळ: ‘पॉप्युलस’. याचा दाटीशी संबंध नाही. ‘पॉप्युलस’ म्हणजे एकूण माणसं जास्त. २०११ मध्ये ठाणे हा देशातला सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा होता, ‘इंडियाज मोस्ट पॉप्युलस डिस्ट्रिक्ट’. पण त्यात जव्हार-मोखाड्याचे डोंगरही होते, म्हणून घनता होती चौरस किलोमीटरला फक्त १,१५७. मुंबई शहर जिल्ह्यात माणसं ठाण्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी, पण घनता १९,६५२. म्हणून ‘ठाणे वॉज मोअर पॉप्युलस, बट मुंबई सिटी वॉज फार मोअर डेन्सली पॉप्युलेटेड.’ हे एक वाक्य वहीत उतरवलं की दोन्ही शब्द कायमचे वेगळे होतात.

‘पॉप्युलस’चा एक जुळा आहे, ‘एसीई’ने संपणारा. उच्चार अगदी तोच, पण तो नाम आहे आणि अर्थ सर्वसामान्य जनता. बोलताना कुणाला कळणार नाही, लिहिताना कळेल. तुम्हाला हवं ते ‘ओयूएस’वालं.

‘ओव्हरपॉप्युलेटेड’ वापरताना थांबा. ‘डेन्सली पॉप्युलेटेड’ हे मोजमाप आहे, ‘ओव्हरपॉप्युलेटेड’ हा निकाल आहे: इथे जागा, पाणी, घरं यांना झेपतील त्याहून जास्त माणसं आहेत, असा दावा. तो करायचा तर पुढच्या वाक्यात कारण द्यावं लागतं. आलेखाचं वर्णन करताना तो शब्द नकोच.

सरासरीबद्दलही एक सूचना. उपनगर जिल्ह्याच्या त्या २०,९८० मध्ये संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची आणि आरेची जमीनही भागाकारात धरली गेली आहे. गोवंडीच्या गल्लीतली खरी दाटी त्या आकड्याहून पुष्कळ जास्त. म्हणून वाक्यात ‘ऑन ॲव्हरेज’ घालायची सवय ठेवा.

पायरी ५: वाढली, घटली, की वाढीचा वेग घटला?

आधी सर्वांत रुळलेली चूक. ‘लोकसंख्या वाढली आहे’ मधला ‘आहे’ आपल्याकडून ‘इज’ वदवून घेतो आणि कागदावर येतं ‘पॉप्युलेशन इज इन्क्रीज्ड’. बरोबर रूप ‘हॅज इन्क्रीज्ड’. साल दिलेलं असेल तर साधं ‘इन्क्रीज्ड’. मागून ‘डे बाय डे’ लावायचा मोहही आवरा. जनगणना दहा वर्षांनी होते, दिवसेंदिवस नाही.

मग ‘बाय’ आणि ‘टू’. ‘बाय’ म्हणजे कितीने, ‘टू’ म्हणजे कितीवर. उपनगराचा हिशेब मांडा: ९३,५६,९६२ वजा ८६,४०,४१९ बरोबर ७,१६,५४३, भागिले ८६,४०,४१९, सुमारे ८.३ टक्के. म्हणजे:

- ‘द पॉप्युलेशन रोझ बाय ८.३ पर सेंट.’
- ‘द पॉप्युलेशन रोझ फ्रॉम ८.६ मिलियन टू ९.४ मिलियन.’

‘रोझ टू ८.३ पर सेंट’ लिहिलंत तर अर्थ होतो, वाढून ८.३ टक्क्यांवर पोचली. कशाच्या ८.३ टक्के, ते देव जाणे. नाम वापरलंत तर अव्यय पुन्हा बदलतं: आकड्याआधी ‘ऑफ’, वस्तूआधी ‘इन’. ‘ॲन इन्क्रीज ऑफ ८.३ पर सेंट’, पण ‘ॲन इन्क्रीज इन पॉप्युलेशन’. बोलताना एक बारकावा: ‘इन्क्रीज’ नाम असेल तर जोर पहिल्या अक्षरावर, क्रियापद असेल तर दुसऱ्यावर.

घटीसाठी ‘फेल’ (नापास नव्हे, ‘फॉल’चं भूतकाळी रूप), ‘डिक्लाइन्ड’, ‘ड्रॉप्ड’; हळूहळू रोडावत गेली असेल तर ‘ड्विंडल्ड’; सतत आकसत चाललेल्या लोकसंख्येला ‘अ श्रिंकिंग पॉप्युलेशन’. मुंबई शहर जिल्हा घ्या. गिरण्या बंद पडल्या, चाळींच्या जागी टॉवर आले, कुटुंबं डोंबिवली-विरारकडे सरकली. ‘बिटवीन २००१ अँड २०११, द पॉप्युलेशन ऑफ द आयलंड सिटी फेल बाय ७.६ पर सेंट.’

आता महाराष्ट्र. १९९१ ते २००१ या दशकात राज्याची वाढ २२.७३ टक्के होती, पुढच्या दशकात १५.९९. इथे लोकसंख्या घटली का? नाही, वाढीचा वेग मंदावला. ‘पॉप्युलेशन ग्रोथ स्लोड’ किंवा ‘द ग्रोथ रेट फेल’. ‘द पॉप्युलेशन फेल’ लिहिणं म्हणजे जिवंत माणसं कागदावर मारणं. आलेख दराचा आहे की संख्येचा, हे अक्षाच्या कडेला बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. पेन उचलण्याआधी ते वाचा. आणि २२.७३ वरून १५.९९ ही घट ६.७४ ‘पर्सेंटेज पॉइंट्स’ची आहे, ‘पर सेंट’ची नाही.

वेगाचे शब्द थोडक्यात: ‘शार्पली’ आणि ‘रॅपिडली’ जोरात, ‘स्टेडिली’ एका लयीत, ‘ग्रॅज्युअली’ सावकाश, ‘स्लाइटली’ किंचित. ‘डबल्ड’ म्हणजे दुप्पट झाली. ‘पीक्ड ॲट’ म्हणजे कळस गाठला: जपानची लोकसंख्या सुमारे १२८ मिलियनवर ‘पीक’ झाली आणि मग घसरू लागली. वाढ थांबून रेघ सपाट झाली तर ‘लेव्हल्ड ऑफ’. एकाने दुसऱ्याला मागे टाकलं तर ‘ओव्हरटुक’: संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २०२३ मध्ये ‘इंडिया ओव्हरटुक चायना ॲज द वर्ल्ड्ज मोस्ट पॉप्युलस कंट्री’.

‘पॉप्युलेशन एक्स्प्लोजन’ ही निबंधाची लाडकी जोडी. ती खरी आहे, पण स्फोट म्हणजे अचानक, प्रचंड वाढ. बृहन्मुंबईची लोकसंख्या २००१ ते २०११ मध्ये ३.९ टक्क्यांनी वाढली. याला स्फोट म्हणायचं तर लवंगी फटाका कशाला म्हणायचं? तसंच ‘टीमिंग मिलियन्स’, म्हणजे गजबजलेली लाखो माणसं. ते वर्तमानपत्री अलंकार आहेत, तिथेच शोभतात.

पायरी ६: आलेले, गेलेले आणि रोज ये-जा करणारे

साताऱ्याहून किंवा बिहारमधून मुंबईत आलेला माणूस ‘मायग्रंट’. ‘इमिग्रंट’ नाही, कारण तो शब्द देशाची सीमा ओलांडून आलेल्यासाठी आहे. सीमा ओलांडून बाहेर गेलेला ‘एमिग्रंट’. देशातल्या देशात जे चालतं ते ‘इंटर्नल मायग्रेशन’, आणि गावाकडून शहराकडे ते ‘रूरल-टू-अर्बन मायग्रेशन’. ‘परप्रांतीय’साठी ‘आउटसायडर्स’ लिहू नका, त्यात राग ऐकू येतो. ‘मायग्रंट्स फ्रॉम अदर स्टेट्स’ पुरेसं आहे.

शेजारी असे: ‘मायग्रेट फ्रॉम रत्नागिरी टू मुंबई’, ‘सेटल इन’, ‘ॲन इन्फ्लक्स ऑफ मायग्रंट्स’ (लोंढा), ‘इन सर्च ऑफ वर्क’. गाव सोडून जाणाऱ्यांच्या बाजूने बघितलं तर ‘आउट-मायग्रेशन’.

मुंबईकर इंग्रजीचे तीन नेहमीचे पाय इथे घसरतात. ‘मी डोंबिवलीला राहतो’चं ‘आय स्टे इन डोंबिवली’ करतो. बाहेर ‘स्टे’ म्हणजे हॉटेलात चार दिवस, कायमचं राहणं ‘लिव्ह’. घर बदललं की ‘शिफ्टेड’ म्हणतो, हवं ‘मूव्ह्ड’. आणि गावाला ‘नेटिव्ह प्लेस’ म्हणतो. ते ‘होम व्हिलेज’ किंवा ‘होमटाउन’. ऑफिसात हे चालून जातं. परीक्षेत ‘एटीन मिलियन पीपल स्टे इन मुंबई’ लिहिलंत तर सगळं शहर लॉजवर उतरल्यासारखं वाटतं.

कल्याण-विरारहून सकाळी येऊन रात्री परतणारे ‘मायग्रंट’ नव्हेत, ‘कम्यूटर्स’. ते ‘कम्यूट टू’ किंवा ‘कम्यूट इंटू’ मुंबई. फोर्ट-नरिमन पॉइंटसारख्या भागाची ‘डेटाइम पॉप्युलेशन’ तिथे झोपणाऱ्यांच्या कितीतरी पट असते. भारतीय सरकारी कागदांत अशांना ‘फ्लोटिंग पॉप्युलेशन’ म्हणतात. परदेशी वाचकासाठी एकदा उलगडून सांगा.

पायरी ७: लोकसंख्येतले गट

हे भराभर उरकण्यासारखं आहे. ‘अर्बन’, ‘रूरल’, ‘लोकल’, ‘मायग्रंट’, ‘एल्डरली’, ‘वर्किंग-एज’ हे सगळे ‘पॉप्युलेशन’च्या आधी बसतात. म्हाताऱ्यांचं प्रमाण वाढत असलेला समाज ‘ॲन एजिंग पॉप्युलेशन’. ‘ओल्ड पॉप्युलेशन’ नाही. ‘यूथ पॉप्युलेशन’ऐवजी ‘अ यंग पॉप्युलेशन’ किंवा सरळ ‘यंग पीपल’.

हिस्सा सांगायला ‘मेक अप’ आणि ‘अकाउंट फॉर’: ‘द सबर्ब्ज अकाउंटेड फॉर थ्री-क्वार्टर्स ऑफ द सिटीज पॉप्युलेशन.’ ‘बहुसंख्य लोक’ म्हणताना ‘द मेजॉरिटी ऑफ द पॉप्युलेशन’. दोन्ही ‘द’ मोजून घ्या.

झोपडपट्टीसाठी मुंबईच्या जुन्या इंग्रजी वर्तमानपत्रांचा ‘हटमेंट्स’ सोडा. ‘स्लम्स’ किंवा ‘इन्फॉर्मल सेटलमेंट्स’. माणसांना ‘स्लम ड्वेलर्स’ म्हणता येतं, पण ‘पीपल लिव्हिंग इन स्लम्स’ जास्त माणुसकीचं. प्राण्यांनाही ‘पॉप्युलेशन’ चालतो: राष्ट्रीय उद्यानातली ‘लेपर्ड पॉप्युलेशन’, रस्त्यावरची ‘स्ट्रे डॉग पॉप्युलेशन’.

पायरी ८: दर, गुणोत्तर आणि जनगणना

‘बर्थ रेट’, ‘डेथ रेट’, ‘इन्फंट मॉर्टॅलिटी रेट’ (बालमृत्यू दर), ‘लाइफ एक्स्पेक्टन्सी’ (आयुर्मान), ‘फर्टिलिटी रेट’ (जननदर). हे मोडू नका, ‘बर्थिंग रेट’ वगैरे घडवू नका. एका स्त्रीमागे सरासरी २.१ मुलं ही ‘रिप्लेसमेंट लेव्हल’. त्याखाली गेलं की ‘बिलो रिप्लेसमेंट लेव्हल’. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात भारत २.० आणि महाराष्ट्र १.७ वर होता.

खरा सापळा ‘सेक्स रेशो’चा. आपली जनगणना दर हजार पुरुषांमागे स्त्रिया मोजते. संयुक्त राष्ट्रांच्या तक्त्यांत दर शंभर स्त्रियांमागे पुरुष असतात. म्हणजे आपल्याकडे आकडा वाढला की स्त्रियांचं प्रमाण वाढलं, तिकडे वाढला की पुरुषांचं. नुसतं ‘द सेक्स रेशो इज हाय’ लिहिलंत तर निम्मे वाचक उलटं समजतील. पूर्ण लिहा: ‘८३२ फीमेल्स पर १,००० मेल्स’. हा मुंबई शहर जिल्ह्याचा २०११चा आकडा. त्याच वर्षी रत्नागिरीत तो १,१२२ होता. दोन्ही आकडे एकाच गोष्टीची दोन टोकं आहेत: कोकणातला चाकरमानी मुंबईच्या खोलीत आणि घरची माणसं गावाला. ‘मेल आउट-मायग्रेशन’ ही जोडी यासाठीच आहे.

जनगणना ‘कंडक्ट’ किंवा ‘कॅरी आउट’ करतात, ‘टेक अ सेन्सस’ही चालतं, ‘डू’ नको. संदर्भ देताना ‘अकॉर्डिंग टू द २०११ सेन्सस’. घरोघर फिरणारा प्रगणक ‘एन्युमरेटर’. ‘डिकेडल ग्रोथ’ हा आपल्या जनगणनेचा शब्द. इतरांसाठी ‘ग्रोथ ओव्हर द डिकेड’ मोकळं वाटतं.

पायरी ९: परिणाम सांगणारी क्रियापदं

‘वाढत्या लोकसंख्येचा ताण येतो’ म्हणजे ‘पुट्स प्रेशर ऑन’ किंवा ‘पुट्स अ स्ट्रेन ऑन’: पाणी, घरं, रेल्वे. ‘गिव्ह्ज प्रेशर’ नाही. घरबांधणी लोकसंख्येच्या मागे पडली तर ‘हाउसिंग हॅज नॉट केप्ट पेस विथ पॉप्युलेशन ग्रोथ’. मागणी पुरवठ्याच्या पुढे गेली तर ‘डिमांड आउटस्ट्रिप्स सप्लाय’. गरजा भागवणं ‘मीट द नीड्ज ऑफ अ ग्रोइंग पॉप्युलेशन’. आणि आवर घालायचा तो वाढीला: ‘कर्ब पॉप्युलेशन ग्रोथ’.

पायरी १०: एक परिच्छेद उसवून पुन्हा शिवा

हा नमुना नेहमीच्या चुका एकत्र करून बनवला आहे. पुढे वाचण्याआधी पेन्सिल घेऊन चुका मोजा.

‘नाउअडेज मुंबईज पॉप्युलेशन इज इन्क्रीज्ड डे बाय डे. इन २०११ देअर वॉज १.२४ मिलियन पॉप्युलेशन स्टेइंग इन मुंबई. इट इज डेन्स पॉप्युलेटेड सिटी. मेनी इमिग्रंट्स फ्रॉम व्हिलेजेस शिफ्टेड हिअर. मेजॉरिटी ऑफ पॉप्युलेशन इज इन सबर्ब्ज. सो देअर इज टू मच रश इन ट्रेन्स.’

‘इज इन्क्रीज्ड’, ‘डे बाय डे’, चुकलेलं दशांशचिन्ह, ‘पीपल’च्या जागी ‘पॉप्युलेशन’, ‘स्टेइंग’, ‘डेन्स’ आणि त्याआधीचा गळालेला ‘अ’, ‘इमिग्रंट्स’, ‘शिफ्टेड’, तीन गळालेले ‘द’, ‘रश’. शिवाय शहर जिल्ह्याची घट कुठेच नाही, जी या आकड्यांतली सर्वांत सांगण्यासारखी गोष्ट आहे. शिवलेला परिच्छेद असा:

‘ॲट द २०११ सेन्सस, ग्रेटर मुंबई हॅड अ पॉप्युलेशन ऑफ १२.४ मिलियन, अप फ्रॉम १२ मिलियन अ डिकेड अर्लिअर. ऑल ऑफ द नेट ग्रोथ टुक प्लेस इन द सबर्ब्ज, व्हेअर द पॉप्युलेशन रोझ बाय ८.३ पर सेंट. द आयलंड सिटी, बाय कॉन्ट्रास्ट, लॉस्ट अबाउट अ क्वार्टर ऑफ अ मिलियन पीपल. बाय देन, थ्री-क्वार्टर्स ऑफ द पॉप्युलेशन लिव्ह्ड इन द सबर्ब्ज, अँड मेनी कम्यूटेड टु वर्क ऑन ओव्हरक्राउडेड ट्रेन्स.’

शेवटचं लोकलचं वाक्य निबंधात राहू द्या, पण आलेखाच्या उत्तरातून काढा. तक्त्यात नसलेलं तिथे लिहायचं नसतं. आयईएल्टीएस ॲकॅडेमिकच्या पहिल्या लेखी प्रश्नाला, म्हणजे याच आलेखाच्या वर्णनाला, किमान १५० शब्द हवेत आणि वेळ २० मिनिटांचा धरायचा. त्यातली शेवटची तीन राखून ठेवा आणि पूर्ण उत्तर वाचत बसण्याऐवजी तीनच गोष्टी बोटाने शोधा: प्रत्येक टक्क्याआधी ‘बाय’ आहे की ‘टू’, प्रत्येक ‘पॉप्युलेशन’आधी ‘अ’ किंवा ‘द’ आहे का, आणि दशांशचिन्ह कुठे पडलंय.